नॉरफोकचं रडार म्युझियम, काका-काकूंसोबत

काका-काकू साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे केंब्रिजला आलेत. लंडन, विंडसर, बाथ सगळं दाखवून झालं, मग काकांना विचारलं की तुम्हाला स्वतःला काय बघायचंय ते सांगा, तर एका शब्दात उत्तर, रडार. काका वायुदलातून सार्जंट म्हणून रिटायर झाले, आख्खी नोकरी रडार युनिटवर, कधी पंजाब, कधी राजस्थान, कधी गुजरात. आणि रडार जिथे पहिल्यांदा कामाला लागलं तो इंग्लंडचा पूर्व किनारा आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे, इतकी वर्षं इथे राहून मी तिकडे फिरकलेही नव्हते. सुट्टी टाकली आणि निघालो, मी, काका आणि काकू.

गुरुवार : बॉड्सी

सकाळी लवकर निघून ए-१४ ने सरळ फेलिक्सस्टो. फेलिक्सस्टो म्हणजे ब्रिटनचं सगळ्यात मोठं कंटेनर पोर्ट, लांबूनच क्रेनची रांग दिसायला लागते, पण आम्हाला जायचं होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला, फेलिक्सस्टो फेरी नावाच्या छोट्या वस्तीत, जिथे डेबन नदी समुद्राला मिळते. नदीपलीकडे बॉड्सी. गाडीने जायचं तर वुडब्रिजवरून भला मोठा वळसा पडतो म्हणून गाडी अलीकडेच लावली आणि छोट्या होडीने गेलो, होडीत माणसं, सायकली, कुत्री सगळे एकत्र. होडी पलीकडच्या काठाला असली तर धक्क्यावर ठेवलेली फळी हातात घेऊन हलवायची, होडीवाला बघतो आणि येतो. येताना हे काम काकूने केलं.

बॉड्सी मॅनर हा किनाऱ्यावरचा मोठा वाडा, क्विल्टर घराण्याचा. १९३६ मध्ये हवाई मंत्रालयाने तो २४ हजार पौंडांना विकत घेतला आणि तिथे रडारचं काम करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि त्यांच्या टीमला बसवलं. वाडा आता मुलांच्या ॲक्टिव्हिटी सेंटरकडे आहे, म्युझियम आहे ते त्याच आवारातल्या ट्रान्समीटर ब्लॉकमध्ये, जाड भिंतींची बुटकी इमारत, बॉम्बच्या धक्क्याला टिकावी म्हणून भोवती अजून एक भिंत. बाहेरून बघितलं तर पाण्याच्या टाकीची खोली वाटेल. आत मात्र सगळी गोष्ट नीट मांडलीय.

१९३५ च्या सुरुवातीला सरकारने वॉटसन-वॉटना विचारलं होतं की रेडिओलहरींनी शत्रूचं विमान पाडता येईल का. त्यांनी गणित करायला दिलं आपला सहकारी आर्नल्ड विल्किन्सकडे, विल्किन्सने सांगितलं की पाडण्याएवढी पॉवर कुठून आणणार, पण विमानावर आपटून परत येणारी लहर पकडता येईल. मग २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळच्या शेतात एक व्हॅन उभी केली, बीबीसीचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर चालूच होता, वरून एक हेफर्ड बॉम्बर उडवलं, आणि ते साधारण ८ मैलांपर्यंत यंत्रावर दिसलं. तिथून पुढे दोन-सव्वादोन वर्षांत, मे १९३७ मध्ये, बॉड्सीचं स्टेशन प्रत्यक्ष कामाला लागलं. युद्ध सुरू झालं तोवर किनाऱ्याने अशी २० च्या आसपास स्टेशनं उभी होती, चेन होम म्हणायचे त्याला. एवढ्या कमी वेळात, तेही कागदावरच्या गणितापासून, हे मला अजून खरं वाटत नाही.

काकूला लहर परत येते म्हणजे काय ते कळत नव्हतं. काका म्हणाले, "अगं, महाबळेश्वरला पॉइंटवर उभं राहून दरीत हाक मारली की ती परत येते ना, किती वेळानं आली त्यावरनं समोरचा डोंगर किती लांब ते कळतं, बास." मग पुढचं सगळं तिने स्वतःच वाचून काढलं.

इथे मला सगळ्यात आवडलं ते ऑपरेटरच्या कामाचं वर्णन. चेन होमचा अँटेना फिरत नसे. समुद्राकडे तोंड करून ३६० फुटी लोखंडी मनोरे लहरी सोडायचे आणि २४० फुटी लाकडी मनोरे त्या परत घ्यायचे. स्क्रीनवर नकाशा वगैरे काही नाही, एक आडवी हिरवी रेघ, विमान असेल तर त्या रेघेला खाली एक खाच पडायची, डावीकडून किती अंतरावर खाच आहे ते बघून विमान किती मैलांवर ते कळायचं. पण कुठल्या दिशेला? त्यासाठी समोर एक चकती, ती हाताने फिरवत राहायचं, फिरवता फिरवता खाच बारीक होत होत नाहीशी होते, तो कोन वाचायचा, ती दिशा. आणि विमानं किती आहेत हे त्या खाचेच्या थरथरण्यावरून ओळखायचं. म्हणजे मशीन सांगत नव्हतं, माणूस ओळखत होता, आणि ही माणसं बहुतेक १९-२० वर्षांच्या मुली, वायुदलाच्या महिला शाखेतल्या. १८ ऑगस्ट १९४० ला पोलिंग नावाच्या गावातल्या रडार स्टेशनवर बॉम्ब पडत असताना कॉर्पोरल एव्हिस हर्न फोन न सोडता माहिती पुढे पाठवत राहिली, तिला मिलिटरी मेडल मिळालं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा काका गप्प झाले, मग म्हणाले की ६५ ला अमृतसरच्या रडारवर पाकिस्तानने विमानं पाठवली, पुन्हा पुन्हा पाठवली, तरी ते रडार बंद पडलं नाही, आम्ही भरती झालो तेव्हा ट्रेनिंगला सगळ्यात आधी हेच सांगायचे.

मनोऱ्यांपैकी आता एकही उभा नाही, शेवटचा २००० मध्ये पाडला. काकांना त्याचं फार वाईट वाटलं. गुरुवार असल्याने काकांचा उपास, काकूने बरोबर राजगिऱ्याच्या वड्या आणि दाण्याचे लाडू घेतलेच होते, ते कॅफेच्या बाहेर बसून खाल्ले, आम्ही दोघींनी चहा आणि केक.

शुक्रवार : ऑर्फर्ड, मग नॉरफोक ब्रॉड्स

आजचा दिवस मुख्यतः प्रवासाचा. ऑर्फर्डला थांबलो, तिथे दुसऱ्या हेन्रीने बाराव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचा बुरूज आहे, गच्चीवर गेलं की समोर ऑर्फर्ड नेस दिसतो, खड्यांची लांबच लांब जीभ, माणसांपासून तुटलेली. बॉड्सीच्या आधी, मे १९३५ मध्ये, वॉटसन-वॉटची टीम पहिल्यांदा इथेच आली होती. नंतर शीतयुद्धात इथे अणुबॉम्बच्या भागांच्या चाचण्या झाल्या, त्या विचित्र छपरांच्या इमारती गच्चीवरून दिसतात. १९७० च्या सुमारास अमेरिकनांनी इथेच कोब्रा मिस्ट नावाचं अजस्र रडार बांधलं, क्षितिजापलीकडे थेट रशियात बघणारं, पण त्यात असा काही खरखराट यायचा की त्याचं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही आणि १९७३ मध्ये ते बंद केलं. काकांचं म्हणणं, खरखराटाचं कारण शोधण्यात ज्याची एक रात्र गेली नाही तो रडारवाला नव्हेच.

संध्याकाळी नॉरफोकमध्ये हॉव्हटन-रॉक्सहमला मुक्काम. सगळीकडे पाणी, नावा, बदकं. ही ब्रॉड्सची तळी नैसर्गिक वाटतात पण मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट खणून खणून केलेले खड्डे आहेत हे, नंतर पाण्याने भरले. गेस्ट हाऊसवाल्या बाईंनी विचारलं इथे बोटिंगसाठी आलात का, काका म्हणाले नाही, नीटिसहेडचं रडार म्युझियम. त्यांनी लगेच सांगितलं की त्यांचे वडील तिथे कामाला होते, पण काय काम करायचे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकूने माझ्याकडे बघितलं.

शनिवार : नीटिसहेड

हा आमच्या ट्रिपचा खरा दिवस. हॉर्निंग गावाबाहेर, दोन्ही बाजूला शेतं, अरुंद रस्ता, आणि अचानक समोर ब्लडहाउंड हे विमान पाडणारं मिसाइल उभं. म्युझियमचं पूर्ण नाव आरएएफ (म्हणजे ब्रिटनचं वायुदल) एअर डिफेन्स रडार म्युझियम, आणि ते एखाद्या नव्या हॉलमध्ये नाही, जिथे हे काम चाललं त्याच १९४२ च्या इमारतीत आहे, हॅपिड्रोम म्हणतात तिला.

नीटिसहेडचं स्टेशन सुरू झालं १९४१ मध्ये, आणि हे बॉड्सीपेक्षा पुढचं पाऊल होतं. बॉड्सीचं रडार समुद्राकडेच बघायचं, विमान किनारा ओलांडून आत आलं की मग जमिनीवरून दुर्बिणीने बघणाऱ्या ऑब्झर्व्हर कोअरच्या लोकांवर भिस्त, आणि रात्री किंवा ढगात ते तरी काय बघणार. म्हणून फिरणारा अँटेना आणि गोल स्क्रीन आली, मध्यभागी आपण आणि भोवती नकाशासारखं सगळं. आता एकच माणूस शत्रूचं विमान आणि आपलं विमान दोन्ही एका स्क्रीनवर बघून वैमानिकाशी थेट रेडिओवर बोलायला लागला, इतकं डावीकडे, इतकं खाली, स्पीड कमी कर. ब्यूफायटर विमानात स्वतःचं छोटं रडार असायचं पण ते काही मैलच बघायचं, त्या काही मैलांच्या आत त्याला आणून सोडायचं काम खालच्या खोलीतल्या कंट्रोलरचं. आपण विमानांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो, वैमानिकांची नावं पाठ असतात, त्यांना अंधारात बोट धरून नेणारा आवाज कुणाचा होता हे कुणी विचारत नाही. हे म्युझियम फक्त त्या आवाजांसाठी आहे, म्हणून मला ते फार मोलाचं वाटलं.

खोल्यांमागून खोल्या आहेत, सगळ्यांबद्दल लिहीत बसत नाही. गाइड सगळे व्हॉलंटियर, बरेचसे इथेच नोकरी केलेले. आमच्या गाइड आजोबांना काकांनी सांगितलं की मी इंडियन एअर फोर्स, रडार, रशियन पी-३० वर काम केलंय. बस्स, त्यानंतर अर्धा तास दोघं थांबेचनात. काकांचं इंग्रजी तसं मोजकंच, पण फ्रिक्वेन्सी, क्लटर, हाइट फाइंडर, ब्लँकिंग, हे सगळं दोघांचं एकच. पाऊस आणि पक्षी स्क्रीनवर कसे दिसतात यावर दोघांनी हातवारे करून चर्चा केली. आजोबांनी सांगितलं की पन्नाशीच्या दशकात बोर्डवर विमानांची माहिती लिहिणारी माणसं पारदर्शक बोर्डाच्या मागे उभी राहायची, म्हणजे पुढून बघणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांची पाठ आड यायला नको, आणि त्यामुळे सगळे आकडे, अक्षरं उलटी लिहावी लागायची. काकांनी खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागे भराभर उलटे आकडे आणि उलटी एबीसीडी लिहिली, डावीकडे वळलेलं ७, मागे तोंड केलेलं ३, कुठेही न अडखळता, आणि तिकीट दिव्यासमोर उलटं धरून दाखवलं. इतक्या वर्षांनी! आजोबांनी दुसऱ्या गाइडला हाक मारून बोलावलं बघायला. मी काकांना जन्मापासून ओळखते, त्यांना हे येतं हे मला माहीत नव्हतं.

काकूलाही नव्हतं.

मग ती खोली, कोल्ड वॉर ऑपरेशन्स रूम. १९७४ ते १९९३ पर्यंत इथून प्रत्यक्ष काम चाललं आणि बंद झाल्यावर ती आहे तशीच ठेवलीय, खुर्च्या, फोन, कन्सोल, बटणांवरच्या अक्षरांचा रंग बोटांनी गेलेला. उजेड मंद, समोर कन्सोलच्या रांगा, गोल स्क्रीन. बेअर नावाची रशियन बॉम्बर विमानं नॉर्वेच्या उत्तर टोकाला वळसा घालून खाली यायची, ब्रिटनच्या हद्दीजवळ आली की इथून आदेश सुटायचा, कुठल्या तरी तळावर कायम तयार ठेवलेली दोन फँटम लढाऊ विमानं काही मिनिटांत हवेत, मग त्यांना त्या बेअरशेजारी नेऊन उभं करायचं, फोटो काढायचे, सोबत करायची, परत यायचं. वर्षानुवर्षं हे चाललं. गोळी एकही झाडायची नाही, पण एकदाही झोप लागू द्यायची नाही. काका म्हणाले सगळ्यात अवघड ड्युटी तीच, ज्यात काही होत नाही.

गाइडने लोकांना खुर्च्यांवर बसायला सांगितलं तेव्हा काकू पुढच्या रांगेत जाऊन बसली, हेडसेट उचलून बघितला, आणि मागे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही रात्ररात्र हे करत होता?" काका म्हणाले, "हेच गं." काकू म्हणाली, "मी क्वार्टरमध्ये पोरांना घेऊन एकटी, तुम्ही सकाळी डोळे लाल करून यायचा, विचारलं तर म्हणायचा काही नाही, बसून होतो." काका नुसते हसले, मग म्हणाले, "बसूनच होतो की." गाइडला मी हे इंग्रजीत सांगितलं तर ते म्हणाले माझी बायकोही म्युझियम झाल्यावरच पहिल्यांदा आत आली. बराच वेळ काकू त्या खुर्चीतून उठली नाही. एकेक बटण काय ते विचारत होती आणि काका सांगत होते, काही त्यांना ठाऊक, काही अंदाजाने.

या स्टेशनचा एक दुःखद भागही आहे. शेजारीच जमिनीखाली शीतयुद्धातला मोठा बंकर आहे, १९६६ च्या फेब्रुवारीत त्यात आग लागली आणि विझवायला आत गेलेले फायर ब्रिगेडचे तीन जण परत आले नाहीत. त्यानंतर १९७४ पर्यंत नीटिसहेडचं काम बॉड्सीहून चाललं, म्हणजे जिथे आम्ही परवा लाडू खात बसलो होतो तिथून. पुढे १९९३ मध्ये काम पुन्हा दुरुस्त केलेल्या बंकरमध्ये गेलं आणि म्हणून ही वरची इमारत रिकामी झाली, १९९४ मध्ये इथे म्युझियम सुरू झालं. शेतापलीकडे टाइप ८४ रडारचा प्रचंड अँटेना अजून उभा आहे, बसच्या दुप्पट लांबीचा असेल, गंजलेला आणि थांबलेला. काकांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतला, सावधान उभे राहून.

रॉयल ऑब्झर्व्हर कोअरची खोली चुकवू नका. ही साधी माणसं, दुकानदार, शिक्षक, शेतकरी, नोकरी सांभाळून येणारी. शीतयुद्धात देशभर दीड हजारांहून जास्त छोट्या खोल्या जमिनीखाली बांधल्या होत्या, शिडीने उतरायचं, तिघांनी आत बसायचं, आणि अणुबॉम्ब पडलाच तर कुठे आणि केवढा हे मोजून फोनवर कळवायचं. त्यातलं एक यंत्र म्हणजे पांढरा डबा, चार बाजूंना चार सुईएवढी भोकं, आत फोटोचा कागद, स्फोटाचा उजेड भोकातून येऊन कागदावर ठिपका उमटणार, त्या ठिपक्यावरून दिशा आणि उंची. आणि तो कागद बदलायला तिघांपैकी एकाने स्फोटानंतर वर जायचं. कोण जाणार हे आधी ठरलेलं. हे वाचून मी जरा वेळ तिथेच उभी राहिले.

कोल्टिशॉल या जवळच्या विमानतळाच्या आठवणीही इथे जपल्यात. १९४० मध्ये प्रसिद्ध लढाऊ वैमानिक डग्लस बेडरचं २४२ स्क्वॉड्रन तिथे होतं, पुढे जॅग्वार विमानं तिथून उडायची. जॅग्वार म्हटल्यावर काका खूश, आपल्याकडे अजून आहेत ना ती. २००६ मध्ये तो तळ बंद झाला, आता त्याच्या एका भागात तुरुंग आहे.

म्युझियमच्या छोट्या कॅन्टीनमध्ये जॅकेट पोटॅटो आणि चहा घेतला, निघताना काकांनी व्हिजिटर्स बुकमध्ये नाव, रँक आणि सर्व्हिस नंबर लिहिला, खाली मराठीत सही.

रविवार : डक्सफर्ड

घरी परतताना डक्सफर्डला थांबलो, आमच्यापासून अगदी जवळ, मी आधी एअर शोला आले होते. इम्पीरियल वॉर म्युझियमचं हे मोठं केंद्र, ४ ऑगस्ट १९३८ ला स्पिटफायर हे लढाऊ विमान पहिल्यांदा स्क्वॉड्रनमध्ये दाखल झालं ते इथेच, १९ स्क्वॉड्रनमध्ये. हँगरमागून हँगर विमानं, काँकॉर्डसुद्धा आहे. काका सगळं बघत होते पण त्यांचा जीव अडकला १९४० च्या ऑपरेशन्स रूममध्ये, आणि दोन दिवस जे बघितलं त्याचं दुसरं टोक इथे मिळालं. बॉड्सीसारख्या स्टेशनवरून फोन जायचा लंडनजवळच्या बेंटली प्रायरी या मुख्यालयातल्या फिल्टर रूमला, तिथे खरंखोटं निवडून माहिती खाली यायची अशा खोल्यांमध्ये, टेबलावर नकाशा आणि काठ्यांनी खुणा सरकवणाऱ्या मुली.

भिंतीवरचं घड्याळ बघा मुद्दाम. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे त्रिकोण आहेत. माहिती आली तेव्हा मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्या रंगाची खूण टेबलावर ठेवायची, म्हणजे वर बसलेल्या अधिकाऱ्याला नुसत्या रंगावरून कळतं की ही बातमी ताजी की दहा मिनिटं जुनी, आणि दहा मिनिटांत बॉम्बर कुठच्या कुठे गेलेलं असतं. कॉम्प्युटर नाही, काही नाही, तीन रंग. काकूला हे घड्याळ फार आवडलं, म्हणाली आपल्या घरी गोळ्यांच्या वेळेसाठी असं करता येईल.

जायचं असेल त्यांच्यासाठी : नीटिसहेड आणि बॉड्सी दोन्ही व्हॉलंटियर चालवतात, रोज उघडी नसतात आणि हिवाळ्यात बहुतेक बंद, त्यामुळे दिवस वेबसाइटवर बघूनच तिकीट आणि हॉटेल बुक करा, बॉड्सीची होडीही सीझनमध्येच चालते. नीटिसहेडला गाडी लागतेच, आणि कमीत कमी चार तास हातात ठेवा. आई-वडिलांपैकी किंवा काका-मामांपैकी कुणी सैन्यात, वायुदलात, अगदी टेलिफोन खात्यात असेल तर त्यांना नक्की न्या आणि गाइडला आधीच सांगा की हे काय काम करायचे.